शोकाचे आरोह-अवरोह

गेलेल्या माणसासाठी संगीत रचण्याची युरोपातली चाल जुनी आहे. पण प्रार्थनेच्या शब्दांचा आधार न घेता, केवळ वाद्यवृंदाकडून एका विशिष्ट माणसाची आठवण वाजवून घेण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची. मध्ययुगात मृतासाठी जे गायले जाई ते चर्चच्या मालकीचे असे. मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना, म्हणजे रिक्विएम, राजाला आणि धर्मगुरूला सारखीच लागू होती. शब्द ठरलेले, क्रम ठरलेला. मृताचा स्वभाव, त्याचे छंद, त्याचे वय यांपैकी काहीही त्यात यायचे कारण नव्हते. आत्म्याला क्षमा आणि विश्रांती मिळावी एवढाच विधीचा हेतू होता, आणि माणूस कसा होता हे देवाला सांगण्याची गरज कुणाला वाटत नव्हती.

या चौकटीला पहिली फट पडली ती संगीतकारांच्या आपसातल्या नात्यांतून. 15व्या शतकात फ्रान्स आणि आजचा बेल्जियम या पट्ट्यात गुरू किंवा ज्येष्ठ सहकारी गेला की मागे राहिलेल्याने त्याच्यासाठी बहुस्वरी विलापगीत रचायचे असा पायंडा पडला. 1460 मध्ये बांश्वा हा संगीतकार वारला तेव्हा योहानेस ओकेगेमने त्याच्यासाठी असे गीत केले. 1497 मध्ये खुद्द ओकेगेम गेला आणि जोस्कँ दे प्रेने झाँ मोलिने या कवीच्या शब्दांवर त्याचा विलाप रचला. त्यात एक आवाज रिक्विएमची लॅटिन धून गात राहतो आणि बाकीचे आवाज फ्रेंचमध्ये शोक करतात. चार हयात संगीतकारांना नावे घेऊन सुतकाचे कपडे चढवायला सांगितलेले आहे, आणि त्या चौघांत जोस्कँचे स्वतःचेही नाव आहे. एका प्रसिद्ध हस्तलिखितात या रचनेचे सगळे स्वर काळे भरून लिहिलेले आढळतात. तो काळा रंग श्रोत्याला ऐकू येण्यासारखा नाही. ते सुतक फक्त गाणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी होते.

17व्या शतकात पॅरिसच्या ल्यूटवादकांनी शब्दही गाळले. ‘तोंबो’ नावाचा नवा प्रकार रूढ झाला: एकाच वाद्यावर, संथ नृत्याच्या लयीत, एखाद्या मृताच्या नावे वाजवायची रचना. ल्यूटवरून हा प्रकार हार्पसिकॉर्डवर आणि व्हिओलवर गेला. मारँ मारेने आपले गुरू सेंत-कोलोंब आणि लुली या दोघांचे तोंबो लिहिले. यातला सर्वांत बोलका प्रसंग 1652चा आहे. ब्लांक्रोशे नावाचा ल्यूटवादक पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून मेला. योहान याकोब फ्रोबर्गर हा जर्मन वादक त्या वेळी त्याच्याजवळ होता. त्याने लिहिलेल्या तोंबोच्या शेवटी स्वर एका सरळ सप्तकाने खाली उतरत हार्पसिकॉर्डच्या तळाशी जाऊन थांबतात. दोनच वर्षांनी सम्राटाचा तरुण मुलगा फर्डिनंड चौथा वारला. त्याच्यासाठीच्या विलापात फ्रोबर्गरने उलट केले. शेवटचे सप्तक चढत चढत वर जाते, आणि हस्तलिखितात ते जिथे संपते तिथे स्वर्गाचे चित्र काढलेले आहे. वादक जिन्यावरून खाली आणि राजपुत्र थेट वर, यात दरबारी शिष्टाचार किती आणि श्रद्धा किती हे ज्याचे त्याने ठरवावे. संगीताच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट पक्की झाली. शब्द नसले तरी आरोह आणि अवरोह मृत्यूबद्दल काही सांगू शकतात हे सिद्ध झाले. पुढच्या साडेतीनशे वर्षांतल्या स्मरणसंगीताने ही युक्ती वारंवार वापरली आहे.

19व्या शतकात संगीताचा मुक्काम चर्च आणि दरबारातून तिकीट काढून शिरायच्या सभागृहात हलला, आणि शोकही त्याच्यामागून गेला. योहानेस ब्राम्सची आई फेब्रुवारी 1865 मध्ये वारली. त्यानंतर आकाराला आलेल्या ‘जर्मन रिक्विएम’मध्ये त्याने लॅटिन प्रार्थना बाजूला ठेवली आणि ल्यूथरच्या जर्मन बायबलमधली वचने स्वतः निवडली. मृतांसाठी याचना त्यात जवळपास नाही. सगळा रोख मागे राहिलेल्यांच्या सांत्वनाकडे आहे. एप्रिल 1868 मध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, ब्रेमेनला ही रचना सहा भागांत सादर झाली. त्यानंतर ब्राम्सने सोप्रानो आवाजासाठी आणखी एक भाग जोडला. त्यात आईच्या सांत्वनाचा उल्लेख असलेले वचन आहे. आईबद्दल तो याहून उघड कधी बोलला नाही. उलट, जुझेप्पे व्हेर्दीने कादंबरीकार मान्झोनीच्या पहिल्या स्मृतिदिनी, 22 मे 1874 रोजी, मिलानच्या चर्चमध्ये सादर केलेले रिक्विएम शब्दांनी पूर्णपणे चर्चचे आणि आवेशाने पूर्णपणे ऑपेराचे आहे. ते राष्ट्रपुरुषाचे स्मारक होते. घरातल्या माणसाच्या शोकाला वेगळा साचा हवा होता.

तो साचा प्रागमध्ये घडला. योसेफ सुक हा आंतोनीन द्वोर्झाकचा आवडता शिष्य होता. पुढे त्याने द्वोर्झाकच्याच मुलीशी, ओतिलीशी, लग्न केले, आणि चेक क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवत तो युरोपभर हिंडत असे. 1 मे 1904 रोजी द्वोर्झाक वारला. सुकने पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या स्मरणार्थ एक मोठी सिंफनी हाती घेतली. मूळ बेतानुसार ती शोकातून निघून शेवटी द्वोर्झाकच्या आयुष्याच्या गौरवाकडे जाणार होती. तीन भागांचा कच्चा खर्डा झाला होता, तेवढ्यात जुलै 1905 मध्ये ओतिलीही हृदयविकाराने गेली. तिचे वय 27 होते. लहान मुलगा मागे राहिला.

गौरवाचा शेवट आता लिहिणे शक्य नव्हते. सुकने पुढचा आराखडा मोडला. चौथा भाग त्याने ओतिलीचे चित्र म्हणून लिहिला. तो संथ, कोवळा आणि व्हायोलिनच्या अंगाने जाणारा आहे. पाचव्या भागात मृत्यूचे नगारे पुन्हा येतात आणि बरीच झुंज झाल्यावर रचना ‘सी मेजर’च्या शांत स्वरावलीत मिटते. सिंफनीला त्याने ‘अझ्राएल’ हे नाव दिले. आत्मा घेऊन जाणाऱ्या या देवदूताला मुस्लिम परंपरेत इज्राईल म्हणतात. दुसऱ्या भागात द्वोर्झाकच्या स्वतःच्या रिक्विएममधली छोटी स्वरआकृती ऐकू येते, म्हणजे गुरूला त्याच्याच आवाजात हाक मारलेली आहे. मृत्यूची खूण म्हणून वापरलेली आकृती मात्र सुकने आपल्याच आधीच्या ‘रादूझ आणि महुलेना’ या नाट्यसंगीतातून उचलली. ते नाटक प्रेमाचे होते, आणि त्या संगीताचा काळ ओतिलीबरोबरच्या सुखाचा होता, हे माहीत असले की त्या आकृतीचा काटा अधिक रुततो.

3 फेब्रुवारी 1907 रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कारेल कोवार्झोविचने ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली. तासाभराच्या या रचनेत एकही गायक नाही, एकही शब्द नाही. तरीही कोण गेले, कोणत्या क्रमाने गेले आणि दुसऱ्या मृत्यूने पहिल्याच्या शोकाचा आराखडा कसा उधळला, हे सगळे तिच्या रचनेतच नोंदलेले आहे. वाद्यवृंदाने केलेल्या खासगी स्मरणाचा आधुनिक इतिहास ‘अझ्राएल’पासून धरावा, असे म्हणण्याला हाच आधार. चेक प्रदेशाबाहेर ती फार वाजत नसे. व्हाक्लाव तालिखसारख्या वाद्यवृंद-संचालकांनी ती जिवंत ठेवली. सुकच्या नंतरच्या मोठ्या वाद्यवृंद-रचना या धक्क्यातून सावरण्याच्याच पुढच्या पायऱ्या मानल्या जातात.

पहिल्या महायुद्धाने मृतांची संख्या इतकी वाढवली की प्रत्येकासाठी सिंफनी लिहिणे कुणालाच शक्य नव्हते. मोरीस रावेल युद्धात लष्करी ट्रक चालवत होता. त्याने जुना तोंबो पुन्हा काढला. 1914 ते 1917 या काळात लिहिलेल्या ‘तोंबो द कूपराँ’ या पियानोरचनेच्या सहा भागांपैकी प्रत्येक भाग युद्धात पडलेल्या मित्रांना अर्पण आहे. एक भाग दोन भावांना मिळून आहे. पहिल्या सादरीकरणाची वादक मार्गेरीत लाँग हिचा नवराही त्या मृतांत होता. 1919 मध्ये रावेलने यातले चार भाग वाद्यवृंदासाठी बसवले. सहापैकी तीन भाग नृत्यांचे आहेत, आणि रचना हलकी आणि नितळ आहे. शोक फक्त पानाच्या माथ्यावरच्या नावांत आहे. मित्रांच्या नावाने नृत्य लिहिणे अनेकांना विसंगत वाटले असेल, पण 17व्या शतकातला तोंबोही नृत्याच्याच लयीत लिहिला जात असे.

1935 हे वर्ष या इतिहासात दोनदा येते, आणि दोन्ही वेळा कारण पोलिओच आहे. व्हिएन्नात त्या वर्षी 22 एप्रिलला मानोन ग्रोपियस ही 18 वर्षांची मुलगी गेली. ती आल्मा माहलर आणि वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांची मुलगी होती. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात संगीतकार हर्बर्ट हॉवेल्सचा नऊ वर्षांचा मुलगा मायकेल गेला. पोलिओची लस यायला अजून वीस वर्षे होती. हॉवेल्सने मुलासाठी लिहिलेले ‘हिम्नुस पारादिसी’ हे गायकवृंद आणि वाद्यवृंदाचे काम वर्षानुवर्षे कपाटात ठेवले. राल्फ व्हॉन विल्यम्सने गळ घातल्यावर 1950 मध्ये ग्लॉस्टरच्या महोत्सवात ते पहिल्यांदा वाजले. व्हिएन्नातली रचना मात्र काही महिन्यांतच पुरी झाली.

तिचा रचनाकार आल्बान बेर्ग त्या वेळी ‘लुलू’ या ऑपेरात गुंतला होता आणि पैशाच्या अडचणीत होता, कारण नाझी सत्ता आल्यापासून जर्मनीत त्याचे संगीत वाजणे जवळपास थांबले होते. लुई क्रास्नर या अमेरिकन व्हायोलिनवादकाने त्याला 1500 डॉलर देऊ करून कॉन्चेर्तो मागितला होता. बेर्गने होकार दिला, पण विषय सुचेना. मानोनच्या मृत्यूने तो दिला. कॅरिंथियात वोर्थर तलावाकाठच्या घरात बसून, एरवी अतिशय सावकाश लिहिणाऱ्या या माणसाने ऑगस्टपर्यंत रचना पुरी केली आणि तिच्यावर ‘एका देवदूताच्या स्मरणार्थ’ असे लिहिले. पहिल्या अर्ध्यात मुलीचे चित्र आहे: स्वप्नाळूपणा, नाच, एक कॅरिंथियन लोकगीत. दुसऱ्या अर्ध्यात आजार आणि मृत्यू.

या कॉन्चेर्तोची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. बेर्ग हा शोएनबर्गचा शिष्य होता. सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक माळेत ओवून त्या माळेतूनच सगळी रचना काढायची, ही शोएनबर्गची पद्धत. अशा माळा सहसा जुन्या सुरावटींपासून मुद्दाम दूर ठेवल्या जात. बेर्गने आपली माळ अशी बेतली की तिच्यात व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा एकामागून एक सापडतात, आणि मधल्या स्वरांतून कानाला ओळखीच्या मेजर-मायनर स्वरसंगती उमटतात. माळेचे शेवटचे चार स्वर सारख्या अंतराने चढत जातात. हेच चार स्वर बाखच्या 60व्या कँटाटातल्या एका कोरालची, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राची, सुरुवात आहेत, आणि त्या कोरालमध्ये आता पुरे झाले असे सांगून माणूस देवाकडे सुटका मागतो. दुसऱ्या भागात ही धून उघडपणे येते. एक ओळ व्हायोलिन गाते, तर तिला क्लॅरिनेटे बाखच्याच स्वरसंगतीत, ऑर्गनसारखी साथ देत उत्तर देतात. शेवटी एकटे व्हायोलिन माळ चढत वरच्या टोकाच्या स्वरावर जाऊन थांबते. फ्रोबर्गरचे चढते सप्तक इथे बाराही स्वरांच्या भाषेत परतलेले दिसते.

या रचनेत अर्पणपत्रिकेपेक्षा अधिक माणसे दडलेली आहेत, असे अभ्यासकांनी नंतर दाखवले. स्वरांच्या संख्यांमध्ये बेर्गच्या एका गुप्त प्रेमाच्या खुणा आहेत. कॅरिंथियन गाण्याचा धागा त्याच्या तरुणपणातल्या घरकाम करणाऱ्या एका मुलीपर्यंत नेला जातो, जिच्यापासून त्याला एक अपत्य झाले होते. म्हणजे एका मुलीच्या नावाने लिहिलेल्या या कॉन्चेर्तोत रचनाकाराने आपलेही आयुष्य चोरून आत आणले आहे. बेर्गला ही रचना ऐकायला मिळाली नाही. किड्याच्या चाव्यातून चिघळलेल्या गळवाने रक्तात विष भिनून तो 24 डिसेंबर 1935 रोजी वारला. 19 एप्रिल 1936 रोजी बार्सेलोनात क्रास्नरने हेर्मान शेर्खेनच्या संचालनात ती पहिल्यांदा वाजवली, तेव्हा श्रोत्यांच्या लेखी ते दोघांचेही स्मरण होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत युरोपाबाहेर आणि मंचावरच्या जुन्या भाषेबाहेर पसरली. टोकियोत तोरू ताकेमित्सूने 1957 मध्ये ‘तंतुवाद्यांसाठी रिक्विएम’ लिहिले. ते फुमिओ हायासाका या ज्येष्ठ संगीतकाराच्या स्मरणार्थ होते. ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराय’ या कुरोसावाच्या चित्रपटांना संगीत देणारा हायासाका 1955 मध्ये क्षयाने गेला होता, आणि ताकेमित्सू स्वतः त्याच आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. आपल्याच मरणाची चाहूल त्या रचनेत होती असे तो सांगे. 1959 मध्ये जपानला आलेल्या स्त्राविन्स्कीच्या कानावर ती पडली, आणि त्याने केलेल्या कौतुकामुळे ताकेमित्सूचे नाव बाहेर पोहोचले. मॉस्कोत आल्फ्रेड श्निटकेची आई 1972 मध्ये गेली. तिच्यासाठी घेतलेले पियानो क्विंटेट पुरे करायला त्याला चार वर्षे लागली. त्यात बाखच्या नावाच्या अक्षरांवरून निघणाऱ्या स्वरांचा एक थकलेला वॉल्ट्झ आहे. 1978 मध्ये त्याने तेच काम ‘इन मेमोरियम’ या नावाने वाद्यवृंदासाठी पुन्हा मांडले.

एस्टोनियाच्या आर्वो पेर्टची रचना या सगळ्यांत आखूड आणि कदाचित सर्वांत कडक. डिसेंबर 1976 मध्ये बेंजामिन ब्रिटन वारला, तेव्हा पेर्टने त्याला कधी पाहिलेही नव्हते. ब्रिटनच्या संगीताची निर्मळता त्याला नुकतीच जाणवली होती आणि भेट राहून गेली होती. 1977 मध्ये लिहिलेल्या ‘कांतुस’मध्ये तंतुवाद्ये आणि एक घंटा एवढेच साहित्य आहे. पाच थरांत तंतुवाद्ये ‘ए मायनर’चे सप्तक उतरत राहतात. प्रत्येक खालचा थर वरच्या थराच्या निम्म्या गतीने चालतो, त्यामुळे सर्वांत खालचा थर सर्वांत वरच्याच्या सोळापट संथ होतो. सहा मिनिटांच्या या कामात दुसरे काही घडतच नाही. सगळे थर आपापल्या शेवटच्या स्वरावर येऊन थांबले की घंटेचा शेवटचा टोल मोकळा पडतो, आणि तिच्या नादातला एक वरचा उपस्वर ‘ए मायनर’ऐवजी ‘ए मेजर’ची आठवण देतो. संपूर्ण अवरोहातच बांधलेले हे स्मरण त्याच्या काटेकोर गणितामुळेच भावुक होत नाही.

अमेरिकेत 1980च्या दशकात एड्सने संगीत आणि नाटकाच्या वर्तुळातली माणसे ओळीने नेली. जॉन कोरिल्यानोने शिकागो सिंफनीसाठी लिहिलेली पहिली सिंफनी 15 मार्च 1990 रोजी डॅनियल बारेनबोइमच्या संचालनात सादर झाली. मृतांची नावे शिवलेल्या विशाल गोधडीच्या प्रदर्शनावरून तिची कल्पना सुचली. पहिला भाग एका पियानोवादक मित्राचा आहे. त्यात मंचामागून अल्बेनिझचा टँगो पियानोवर ऐकू येतो, कारण तो त्या मित्राच्या आवडीचा होता. दुसऱ्या भागातला टॅरंटेला नाच हळूहळू वेडात शिरतो. तिसऱ्या भागासाठी कोरिल्यानोने एका हौशी चेलोवादक मित्राबरोबर तरुणपणी सहज वाजवलेल्या सुरावटीची जुनी फीत वापरली. अनेक मित्रांच्या नावांना आधी शब्द लावून सुरावटी केल्या आणि मग शब्द काढून टाकले. जोस्कँच्या विलापगीतात नावे मोठ्याने घेतलेली होती. इथे नावांचा फक्त सूर उरला आहे. या सिंफनीत राग भरपूर आहे, आणि स्मरणसंगीतात रागाला इतकी जागा क्वचितच मिळाली आहे. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने जॉन अ‍ॅडम्सकडून 2002 मध्ये करून घेतलेल्या रचनेत उलट मृतांची नावे ध्वनिमुद्रित आवाजांत सरळ वाचली जातात. पण ते शहराचे स्मरण होते, घरचे नव्हे.

घरच्या स्मरणाचे अलीकडच्या काळातले सर्वांत परिचित उदाहरण जेनिफर हिग्डनचे ‘ब्लू कॅथेड्रल’. हिग्डनचा जन्म 1962चा, बालपण अटलांटा आणि टेनेसी राज्यातले. वडील चित्रकार होते, आणि घरात शास्त्रीय संगीतापेक्षा बीटल्सचे रेकॉर्ड अधिक वाजत. पंधराव्या वर्षी घरातली एक फ्लूट उचलून ती स्वतःच शिकली, आणि रचनेचे औपचारिक शिक्षण विशी ओलांडल्यावर सुरू झाले. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या जगात ही फारच उशिराची सुरुवात मानतात. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात रॉबर्ट स्पॅनो हा तरुण संचालक शिकवत होता. तिथून जमलेली ओळख पुढे कामी आली. नंतर ती फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, जॉर्ज क्रम्बच्या हाताखाली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकली, आणि कर्टिसमध्येच शिकवू लागली.

तिचा धाकटा भाऊ अँड्र्यू ब्लू हिग्डन 1998 मध्ये त्वचेच्या कर्करोगाने गेला. तो क्लॅरिनेट वाजवत असे. त्यानंतर वर्षभरातच कर्टिसने तिच्याकडे रचना मागितली. निमित्त आनंदाचे होते: 1924 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा पंच्याहत्तरावा वर्धापन. उत्सवासाठी मागितलेल्या कामात भावाचे सुतक आणणे अवघड होते, पण हिग्डनने ते उत्सवाच्या विरुद्ध उभे केले नाही. आभाळात तरंगणारे काचेचे कॅथेड्रल, आणि त्यातून पुढे सरकत वर जाणारा माणूस, एवढे चित्र तिने समोर ठेवले. नावातला ‘ब्लू’ आभाळाचा निळा आहे आणि भावाच्या नावातला मधला शब्दही आहे. मे 2000 मध्ये स्पॅनोच्या संचालनात कर्टिसच्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाने ही रचना पहिल्यांदा वाजवली.

बारा-तेरा मिनिटांच्या या कामाची सुरुवात घंटांच्या बारीक किणकिणाटाने आणि तंतुवाद्यांच्या दबक्या, वर सरकणाऱ्या स्वरसंगतींनी होते. पहिला एकल आवाज फ्लूटचा, म्हणजे बहिणीचा. क्लॅरिनेट नंतर येते, कारण बहीण थोरली. मराठी वाचकाला बँडबाजातून परिचित असलेले हे वाद्य इथे मंद, गोलसर आवाजात बोलते. दोघांचे संभाषण सुरू होते, मग इंग्लिश हॉर्न आणि व्हायोलिनही आपापले एकल बोलून जातात. मधल्या भागात पितळी वाद्यांसह सगळा वाद्यवृंद भरभरून उसळतो, आणि तिथे शोकाच्या जागी जवळजवळ हर्ष ऐकू येतो. तो ओसरल्यावर फ्लूट आणि क्लॅरिनेट पुन्हा बोलू लागतात. मग फ्लूट थांबते. क्लॅरिनेट एकटे वर चढत राहते. ऐकणाऱ्याची अपेक्षा उलटी असते, कारण मरणारा माणूस गप्प व्हायला हवा. हिग्डनने जिवंत बहिणीला गप्प केले आहे, आणि रचनेतली सर्वांत पक्की बाजू हीच आहे.

शेवटच्या नादासाठी तिने साधने घरगुती वाटावीत अशी निवडली. पाणी भरलेल्या स्फटिकाच्या पेल्यांच्या कडांवरून बोटे फिरवून सूर काढले जातात, आणि तारांमध्ये वस्तू खोचून ठेवलेला पियानो घंटेसारखा वाजतो. तळहातावर फिरवायचे छोटे चिनी गोळे, ज्यांच्या आत घंटा असते, ते त्या वेळी आपले वाद्य वाजवत नसलेले वादक हातात घेऊन फिरवतात. फ्रोबर्गरच्या हस्तलिखितात स्वर्ग शाईने काढलेला होता. हिग्डनने तो वादकांच्या हातात दिला.

‘ब्लू कॅथेड्रल’ टिकले यामागे शोकाशिवाय काही व्यावहारिक कारणेही आहेत. नव्या वाद्यवृंद-रचना बहुधा एकदा वाजतात आणि नस्तीबंद होऊन पडतात. ही रचना विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली असल्यामुळे विद्यापीठांना आणि लहान शहरांच्या वाद्यवृंदांना पेलते. तिची लांबी कार्यक्रमाच्या सुरुवातीला बसते, आणि सूर पहिल्याच श्रवणात मनात उतरतात. स्पॅनोने अटलांटा सिंफनीबरोबर केलेले तिचे ध्वनिमुद्रण 2003 मध्ये बाजारात आले आणि नाव देशभर गेले. या शतकात अमेरिकेत सर्वाधिक वाजणाऱ्या नव्या वाद्यवृंद-रचनांत तिची गणना होते. काही समीक्षकांना तिचा गोडवा जरा जास्त वाटतो. बेर्गच्या कठोर बांधणीशेजारी ठेवले तर तो आक्षेप अगदीच निराधार नाही, पण बेर्गचा कॉन्चेर्तो शाळकरी वाद्यवृंदाच्या आवाक्यातला नाही हेही खरे. 2010 मध्ये हिग्डनला पुलित्झर मिळाले ते हिलरी हान या वादकासाठी लिहिलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्तोबद्दल. तरी तिचे नाव आजही आधी ‘ब्लू कॅथेड्रल’शी जोडले जाते.

नंतरच्या पिढीने साधने आणखी कमी केली. लंडनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना क्लाइनची आई 2008 मध्ये गेली. पुढच्याच वर्षी एसा-पेक्का सालोनेनने लॉस एंजेलिसमध्ये सादर केलेली तिची ‘विदिन हर आर्म्स’ ही रचना फक्त पंधरा तंतुवाद्यांसाठी आहे. त्यात घंटा नाहीत, पितळी वाद्ये नाहीत, बाखची धून नाही आणि कुणाच्या नावाची अक्षरेही स्वरांत गुंफलेली नाहीत. पंधरा वादकांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र ओळ आहे, आणि सुरुवातीची छोटी उतरती सुरावट एका वादकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.